गाढव कोणाच्या नावावर?

मी काढलेले गाढव माझे आहे का?

या प्रश्नाचे उत्तर मला कधी देता आले नाही. तळमजल्यावरच्या वकीलबाईंनाही देता आले नाही. "कॉलेजात असताना काढलंस, म्हणजे तुझं. नोकरीत चालवलंस, बोलतं केलंस, म्हणजे त्यांचं. न्यायालयात गेलात तर निकाल लागेपर्यंत गाढव म्हातारं होईल," असे त्या म्हणाल्या. तरी सुरुवात त्याच्यापासूनच करते, कारण मौल्यवान म्हणावे असे माझ्याकडे दुसरे काही नव्हते.

मी, खाली सही करणारी, घरातली पहिली पदवीधर, कार्टून चित्रपटांत प्राण्यांची तोंडे हलवणारी चित्रकार, हे माझ्या हाताने, पूर्ण भानावर राहून आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, असे लिहून ठेवते. उद्या सकाळी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचे कारण नाही. तसेच होवो. पण पसारा मागे टाकून घराबाहेर पडायची मला सवय नाही.

कलम पहिले. घर भाड्याचे आहे, तेव्हा त्यावरून कोणी भांडू नये. बँकेत जे असेल ते आईचे. "मला काय करायचंय?" असे ती म्हणेल. तिने धुलाईच्या दुकानातली उभ्याने करायची इस्त्री आता सोडावी, हे करायचे आहे.

आईला या कागदावर साक्षीदार म्हणून सही करायची होती. ज्याला काही मिळणार त्याने साक्ष देऊ नये, असे वकीलबाईंनी सांगितल्यावर ती रुसली. "मी काय परकी आहे?"

"परकी नाही म्हणूनच नको, ताई," वकीलबाई म्हणाल्या.

कलम दुसरे. खालून दिवा लागणारे माझे चित्रांचे टेबल दादाला परत. जुन्या खिडकीची काच बसवून ते त्यानेच बनवले होते. दोघांपैकी एकानेच शिकायचे अशी वेळ आली, तेव्हा तो म्हणाला, "हिचं डोकं चालतं, माझे हात चालतात." या वाक्याचा उत्तरार्ध खरा आहे. पूर्वार्धात त्याने स्वतःला उगाच वगळले. माझी सगळी पुस्तके त्याची. ती कपाटात शोभेला ठेवू नयेत, आणि "आता या वयात?" असे म्हणू नये.

कलम तिसरे. टेबलावरचा गोल आरसा आईला. त्यात स्वतःचे तोंड पाहून मी प्राण्यांची तोंडे काढते: 'आ' म्हणताना जबडा किती खाली येतो, 'म' म्हणताना ओठ कसे मिटतात. तिने त्यात निदान केस तरी विंचरावेत.

कलम चौथे. मामा चारचौघांत म्हणाले होते, "गाढवं काढायला पदवी कशाला लागते? गाढवापुढे वाचली गीता, म्हणतात ते हेच!" हा राग मी फार निगुतीने सांभाळला. तो वारसा म्हणून कोणालाही देत नाही, इथेच संपवते. मामांना चित्रपटाच्या पहिल्या खेळाला मानाने बोलवावे. जागा अगदी पुढची द्यावी, म्हणजे गाढव मोठे दिसेल.

कलम पाचवे, चित्रपटाबद्दल. एक गाढवीण (हेच ते माझे गाढव), एक बेसूर कोंबडा आणि एक लाजाळू म्हैस मोठ्या रंगमंचावर नाव काढायला घर सोडतात. सगळे त्यांना हसतात. परीक्षक घोडा तर 'नाचता येईना, अंगण वाकडे' यावर अख्खे गाणे म्हणतो. लहान मुले त्या गाण्याला हसतील, हसू देत. मला ते काढताना हसू आले नाही. कॉलेजच्या पहिल्या दिवशी फाटकात उभी होते, तेव्हा माझेही कान तेवढेच लांब झाल्यासारखे वाटत होते.

घर सोडताना गाढविणीच्या आईला एकच वाक्य आहे. ते एक मोठी अभिनेत्री म्हणणार होती, पण ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ती आली नाही. माझी आई डबा द्यायला आली होती. ध्वनिमुद्रक म्हणाला, "काकू, तात्पुरतं तुम्ही म्हणा. ओठ काढायला हिला आवाज हवाय." आईच्या हातात कागद दिला: 'जा बाळा, तुझे स्वप्न पूर्ण कर.' समोर उभी राहून मी गाढविणीचे वाक्य वाचले, "आई, मी जाते."

आईने कागदाकडे पाहिलेच नाही. "जाते काय, जाते! किती वेळा सांगितलं, जाते म्हणू नये. येते म्हणावं!"

मग लाल दिवा दिसला आणि तिने तोंडावर हात ठेवला. "अगं बाई, हेपण भरलं का त्यात?"

काचेपलीकडे सगळे हसले. ध्वनिमुद्रकाने ते पुन्हा लावले, तेव्हा कोणी हसले नाही.

त्याच आवाजावर मी गाढविणीच्या आईचे तोंड काढले. 'म्हणावं' संपताना तिचे ओठ मिटतात आणि पुढचे काहीतरी गिळतात. ते काढायला मला आरसा लागला नाही.

पुढे निर्मात्यांना तिथे अभिनेत्रीच हवी होती. "वाक्य ठेवू. आवाज मात्र घरगुती वाटतो." तोंड नव्याने काढायला मी नकार दिला. मी दवाखान्यात गेले की दुसरे कोणीतरी काढेल, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. आईही त्यांच्याच बाजूची: "माझा आवाज फाटका. त्या बाईंचा गोड आहे. तू कशाला वाकड्यात शिरतेस?" धुलाईच्या यंत्रांच्या घरघरीत कोणाला ऐकू जावे म्हणून ती आयुष्यभर ओरडून बोलली. तिचा आवाज फाटला तो तिथे. तो शांत, काळोख्या सभागृहात एकदा तरी सगळ्यांनी ऐकावा, ही माझी शेवटची म्हणावी अशी इच्छा आहे.

कलम सहावे, गाढव. निर्मात्यांना पुढचे चित्रपट काढायचे आहेत, खेळणी विकायची आहेत. त्यासाठी गाढव निर्विवाद त्यांचे असायला हवे. माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर त्यांनाही ठाऊक नव्हते, म्हणून तर माझी सही हवी होती. दादा म्हणाला, "करू नकोस सही. तेवढंच तर आपलं आहे." त्याचे बरोबर होते. त्याची क्षमा मागते, कारण या मृत्युपत्रात गाढव कोणालाच मिळणार नाही.

काल दुपारी मी सही केली. बदल्यात एवढेच लिहून घेतले: ते वाक्य कायम माझ्या आईच्याच आवाजात राहील, आणि शेवटच्या पाट्यांमध्ये 'गाढविणीची आई' यापुढे तिचे पूर्ण नाव येईल. आईला हे सांगितलेले नाही. पाट्या लागल्या की लोक उठायला लागतात. मी शेजारी असेन किंवा नसेन, दादाने तिला उठू देऊ नये.

ती पाटी मीच रंगवली आणि देऊन आले. दारापाशी निर्मात्यांनी विचारले, "निघालात?"

मी म्हटले, "येते."

सही: लिहून ठेवणारी
साक्षीदार: १. वकीलबाई, तळमजला. २. ध्वनिमुद्रक
ठिकाण: घरी, आईच्या इस्त्रीच्या टेबलावर
दिनांक: शस्त्रक्रियेचा आदला दिवस