रजिस्टरवरचा हात

बुधवार, १० जुलै १९७४

खोली मागणाऱ्या पोरीची जात कळावी म्हणून आज वकिलीच्या कॉलेजात गेले. नळ एकच हाय आमचा. तिला तोंडावर विचारवेना. कारकुनाला विचारलं, तर त्यानं रजिस्टर मिटलं आन् वर हात ठेवला.

"मावशी, तिच्या अर्जातलं तिचं तिला. बाहेर सांगायचं न्हाय, असा नियम हाय."

"मग खोली कशी देऊ मी?"

"तुमची खोली गळते का, हे तिनं विचारलं का आमाला?"

लई राग आला. पण खिडकीतनं पिकल्या लिंबोळ्यांचा वास येत होता, पंखा सावकाश फिरत होता, आन् तो हात तसाच. निजलेल्या लेकराच्या पाठीवर ठेवावा तसा. घरापर्यंत चालले की तरंगत आले, कळलं न्हाय.

पोरगी ओट्यावर वाट बघत बसलेली, ट्रंक शेजारी. तेवढ्यात शेजारची गंगव्वा आलीच.

"अक्का, कोणातली म्हणायची ही?"

पोरीनं मान खाली घातली. माझा हात आपसूक तिच्या ट्रंकेवर गेला. असं का केलं मी?

"तिचं तिला. तू तुझ्या भाकरी बघ, करपतील."

ट्रंक मीच आत नेली. लई जड होती. आत काय हाय, विचारलं न्हाय.