पायथ्याशी थांबणाऱ्या

८ जानेवारी २००७
पोचलो एकदाचे! मनुरेवाहून, म्हणजे लेकाच्या इथल्या घरून, अक्षतनेच गाडीने आणून सोडलं, शनिवारी न्यायला येईल. डोंगराच्या कुशीतलं गाव म्हणजे वीसेक घरं आणि दूध-पाव मिळणारी एक डेअरी. इथून रोज एक वाट चढायची, असा माझा बेत. सुलभाच्या गुडघ्याने संप पुकारलाय, ती खालीच थांबेल. सगळा सह्याद्री पालथा घालून हौस फिटली नाही का, असं सकाळपासून तीनदा विचारून झालंय. घरमालकीण जोन मात्र फार गोड बाई. तुम्ही खुशाल जा, हिच्याकडे आम्ही बघू, म्हणाली.

९ जानेवारी
धबधब्यापर्यंत जाऊन आलो. काय ती हवा! परतलो तर सुलभा ओसरीवर जोनच्या मैत्रिणींत विणत बसलेली. हिने जन्मात सुया धरल्या नव्हत्या. मी भरभरून सांगत होतो, हिचं लक्ष टाक्यांवर. रुसली असणार. गावात पुरुष कसा दिसत नाही कोणी?

१० जानेवारी
डेअरीतल्या बाईच्या गळ्यात मंगळसूत्र! हरखून मराठीत विचारलं, कुठल्या तुम्ही? इथलीच, असं इंग्रजीत उत्तर आलं. गळ्यातलं कधी घातलं, ते तिला आठवेना. जोन म्हणाली, तीही नवऱ्याबरोबर ट्रेकिंगला आली होती, आम्ही सगळ्याच तशा आलो. नवरे कुठेत विचारलं, तर डोंगराकडे बघून हसली. मला हे लक्षण ठीक दिसत नाही.

११ जानेवारी
चढायला गेलो नाही. सुलभाला म्हटलं, अक्षतला आजच बोलावू. तिने विचारलं, कोण अक्षत? थट्टा वाटली. मग तिचा चेहरा पाहिला आणि मला रडू फुटलं. जोनचा फोन बंद. मोबाइलला रेंज नाही.

१२ जानेवारी, सकाळ
हात धरून ओढलं तिला. किंचाळली. बायका जमल्या — सुया चालूच. जन्मभर मला 'अहो' म्हणणारी — तिने माझं नाव विचारलं.
जोन म्हणते, ऊन छान पडलंय, वर जाऊन या. नाही जाणार. उद्या अक्षत येईल. तोवर हिला सोडून —

दुपार
सुलभाने पाण्याची बाटली भरून दिली. डबाही. दुकानात इंग्रजी बोलायला लाजणारी ती — सफाईदार इंग्रजीत — जपून चढा, म्हणाली. आणि अगदी आपुलकीने विचारलं, घरी तुमची वाट बघणारं आहे का कोणी?
मी म्हटलं, आहे, पायथ्याशी थांबलीय. आता बूट चढवतोय —