आजोळ, आता श्वासासह

५ नोव्हेंबर २०२५

सामान वर चढवून झालं. गच्चीत खुर्ची टाकून लिहितेय. वसईजवळच्या होळी नावाच्या गावात राहायला चाललेय, हे ठाण्यात ज्याला सांगितलं त्याने सणावरून तोच एक विनोद केला, आणि प्रत्येकाला वाटलं तो आपल्यालाच सुचला. जागा मात्र झकास आहे. समोर केळी, पलीकडे पडवळाचा मांडव, आणि वारा असा की केस विंचरणं सोडून द्यावं. खाली घरमालक, वर मी. मालक मायकल लग्नाच्या बँडमध्ये कॉर्नेट ही छोटी पितळी तुतारी वाजवतो. बायको रिटाबाई घरी ब्लाउज शिवतात आणि रविवारी चर्चच्या गायकवृंदात गातात. मुलगा बोटीवर नोकरीला. दोघं इतकी चांगली आहेत की तासाभरात कंटाळा आला. आल्याआल्या रिटाबाईंनी फुगे आणले, म्हणजे तळलेले गोडसर पाव. मी दोनच खाल्ले, तर त्यांचा चेहरा पडला.

उद्यापासून नवी नोकरी. मालिकेतली सासू वळली की मागे ढँग वाजवायचं, हे काम मी इतकी वर्षं केलं की आता याहून खाली जायला जागा नाही. या विचाराने फार प्रसन्न वाटतंय.

९ नोव्हेंबर

कंपनी म्हणजे वसई स्टेशनजवळ दोन खोल्या, भिंतींना काळा फोम आणि विपुल. विपुल हा मालक. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नाही, पण हेडफोन जेवतानाही गळ्यातून काढत नाही.

आम्ही वाद्यं बनवतो. लाकडाची नव्हे, कॉम्प्युटरात चालणारी. एखाद्या जुन्या वस्तूचा आवाज घ्यायचा, पेटीसारख्या पट्ट्यांवर पसरायचा, वर थोडी कॅसेटची खरखर भुरभुरवायची आणि आठवण म्हणून विकायचा. गिऱ्हाईक म्हणजे देशोदेशी बंद खोल्यांत बसलेली पोरं. स्वतःच्या आजीचं नाव विचारलं तर आईला फोन लावतील, पण गाण्यात यांना आजीचं घर पाहिजे. म्हणून आमच्या वाद्याचं नाव ‘आजोळ’.

एक कबूल करते. विघ्नेश नावाच्या मुलाने त्याचं इंजिन लिहिलंय, आणि ते जबरदस्त आहे. तो नोकरी सोडून गेला. पट्टी दाबली की रेकॉर्डिंग ऐकतोय असं वाटतच नाही, ती वस्तू खोलीत येऊन उभी राहते. विपुल जाहिरातीत लिहितो, ‘नक्कल नाही’. त्याच्या तोंडून निघालेली ही पहिली खरी गोष्ट असावी.

१७ नोव्हेंबर

आज घरातच शिकार केली. रिटाबाईंच्या पायाच्या शिवणयंत्राचा आवाज घेतला आणि मायकलच्या कॉर्नेटचा. यंत्राची खडखड बरी आहे. कॉर्नेट केविलवाणी. वरचा सूर लावताना मायकलचे गाल असे फुगतात की त्याची दया यावी, पण येत नाही. ‘छान, अंकल,’ म्हटलं. त्याने खूश होऊन अजून अर्धा तास वाजवलं.

२६ नोव्हेंबर

विपुलला बाईचा आवाज हवा होता, ‘गावठी पण स्वच्छ’. मी रिटाबाईंना विचारलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीचं पाणी आणायला जातात, तेव्हाचं एक गाणं त्यांना आईकडून आलंय. आधी नाहीच म्हणाल्या. ते गाणं असं रिकाम्या खोलीत म्हणायचं नसतं, समोर नवरी लागते, असं काहीतरी. मी म्हटलं, ‘आंटी, जगभर ऐकतील.’

‘जगाचं लग्न हाय काय?’ त्या म्हणाल्या, पण लाजल्या, आणि बसल्या.

आवाज चांगला आहे. इतका चांगला असायचं काही कारण नव्हतं, याचा मला रागच आला. शब्द मी कापून टाकले, नुसते ‘आ’कार ठेवले. शब्दांना परदेशात गिऱ्हाईक नाही.

१ डिसेंबर

यंत्र आणि कॉर्नेट असलेली ‘आजोळ’ची नवी आवृत्ती शुक्रवारी बाजारात गेली. इकडे रिटाबाईंचं यंत्र बिघडलंय. म्हणजे चालतं. चाक फिरतं, सुई वरखाली होते, टाका पडतो. फक्त आवाज नाही. त्या मला हाताला धरून खाली घेऊन गेल्या. मी पाहिलं. तेल जास्त झालं असेल म्हटलं. तेलाने असं होत नाही हे मलाही कळतं, पण प्रत्येक गोष्टीवर डोळे विस्फारणाऱ्या माणसांत आपण तरी विस्फारू नयेत.

४ डिसेंबर

मायकलला आगाशीच्या लग्नातून परत पाठवलं. वरात निघाली आणि त्याच्या कॉर्नेटमधून नुसती हवा. बँडमास्तरने पाहुण्यांसमोर विचारलं, दुपारीच घेतलीस काय. मायकल दारूला शिवत नाही. पायरीवर कॉर्नेट मांडीवर घेऊन बसला होता, आणि मी बाजूने वर आले.

विपुलचं नवं खूळ: दोन सुरांच्या मध्ये खरा मानवी श्वास. ‘फील येतो, मॅडम.’ रिटाबाईंना सर्दी होती, म्हणून माझाच श्वास घेतला. नाक, तोंड, उसासा. उसासे टाकायला विपुलकडे बघणं पुरलं. रिटाबाईंचा आवाज उद्या विक्रीला जाईल, श्वास पुढच्या आवृत्तीत.

७ डिसेंबर

गंमत म्हणून चर्चमध्ये गेले होते. नीट लिहून ठेवते.

शुक्रवारपासून रिटाबाईंचा आवाज बसलाय, अजिबात फुटत नाही. तरी त्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभ्या होत्या, ओठ हलवत. मग फादर प्रवचनाला उभे राहिले, सगळे शांत बसले, आणि रिटाबाईंचं तोंड उघडलं. त्यांनी उघडलं नाही. उघडलं. आतून एक आकार आला, लांब, सरळ, आणि कापल्यासारखा थांबला. मग वरचा. मग त्याच्या वरचा. पुन्हा पहिला. त्यांनी दोन्ही हातांनी तोंड दाबलं तरी बोटांमधून येतच राहिला. लोक वळून पाहत होते. फादर थांबले. मायकल त्यांना खांद्याला धरून बाहेर घेऊन गेला.

बाकीच्यांना वाटलं झटका आला. मला कळलं. सा रे ग, सा रे ग. कुठेतरी कुणीतरी नवशिका नवीन घेतलेलं वाद्य वाजवून बघत होता.

१० डिसेंबर

विपुलकडून पत्ता काढून नालासोपाऱ्याला विघ्नेशकडे गेले. आईने दार उघडलं. विघ्नेश बोलत नाही, तिने दारातच सांगितलं, डॉक्टर करून झाले. आत पोरगा खिडकीशी बसला होता. माझं काम कळल्यावर त्याने फोनवर लिहून दाखवायला सुरुवात केली.

चाचणीसाठी त्याने पहिला स्वतःचा आवाज घातला होता. ‘आजोळ’ची पहिली आवृत्ती विक्रीला गेली त्या दिवशी आवाज गेला. मग कुणी पट्टी दाबली की यायचा. घाबरून त्याने तो वाद्यातून पुसून टाकला. परत येईल असं वाटलं होतं. परत आला नाही, आणि मग कुणी पट्टी दाबली तरी येईना. कायमचा गेला.

हे कसं होतं, मी विचारलं. त्याने लिहिलं: माहीत नाही. आवाज इतका खरा का येतो याचंच मला आधी कौतुक होतं. नक्कल नाही ना ती. मग एक वस्तू दोन ठिकाणी कशी राहील?

जिना उतरताना विपुलला फोन लावला. श्वासाची आवृत्ती थांबव म्हटलं. तो म्हणाला दुपारीच सोडली, लोकांना जाम आवडतेय, आणि पुढे काहीतरी बोलत राहिला. मी रिक्षात बसले. नाक्यापर्यंत आल्यावर लक्षात आलं की मघापासून मी श्वास घेतलेला नाही. घेऊ गेले. छाती हलेना. रिक्षावाला आरशातून बघायला लागला. मग आपोआप एक आत आला. माझा नव्हता. म्हणजे माझाच, पण मी घेतलेला नव्हता.

१३ डिसेंबर

‘आजोळ, आता श्वासासह.’ ही विपुलची जाहिरात. धो धो खप. मला दिवसभर धाप. शेकडो पोरं एकदम वाजवतात, श्वासावर श्वास चढतो, डोळ्यांपुढे काळोखी येते. मध्येच उसासा. कशाचा ते पोरांना माहीत. डॉक्टर म्हणाला ताण आहे, प्राणायाम करा.

१६ डिसेंबर

रिटाबाईंना सगळं सांगितलं. मायकललाही. बोलायला श्वास मिळेल तसं, तुकड्यातुकड्यांनी. मायकलने फक्त विचारलं, आवाज परत कधी येणार. मी नकारार्थी मान हलवली. तो कॉर्नेट घेऊन मागच्या वाडीत गेला.

रिटाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. राग असता तर चाललं असतं. ती नजर माझ्या ओळखीची होती. कॉर्नेट वाजवणाऱ्या मायकलकडे मी तशीच बघत होते: दया यावी, पण येत नाही.

१९ डिसेंबर

विपुलकडे गेले. रिटाबाईंच्या तोंडातून घरी पुन्हा सूर आला तेव्हाचा मायकलने काढलेला व्हिडिओ दाखवला. बघून म्हणाला, हे जाहिरातीला टाकू या का. मी मारायला हात उचलला आणि तेवढ्यात श्वास गेला. खाली बसले. तो पाणी आणायला गेला, ते मोबाइल बघत बघत.

२७ डिसेंबर

धाप कमी झाली. बरं वाटलं. मग कारण कळलं.

पोरं कंटाळली. नाताळात दुसऱ्या कुणाचं नवीन वाद्य आलंय, जुन्या रेडिओचं. सगळी तिकडे. इकडे दोन श्वासांच्या मध्ये मोकळ्या जागा पडायला लागल्या. आज भाजी घेताना एवढी मोठी पडली की मी मिरच्यांवर कोसळले.

ज्या पोरांना हसत होते, त्यांच्या बोटांवर जगतेय. इंटरनेटवर त्यांच्या पानांवर जाऊन लिहिलं: कृपया वाजवा. एकाने हसरा चेहरा टाकला. एकाने लिहिलं, हे जुनं झालं.

३० डिसेंबर

वाद्य घरीच आणलं. एका हाताने पट्टी, एका हाताने पेन. दाबली की आत, सोडली की बाहेर. कॉम्प्युटरला आपोआप वाजवायला लावून पाहिलं. स्पीकरमधून आवाज येतो, मला श्वास येत नाही. बोट माणसाचं लागतं.

झोपायचं कसं —

२ जानेवारी

रिटाबाई वर आल्या. खुर्ची ओढून बसल्या आणि श्वासाच्या पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं. मी झोपले. जागी झाले तेव्हा मायकल होता. आता दोघं पाळीने बसतात.

पलीकडच्या काळ्या पट्ट्यांत रिटाबाईंचा स्वतःचा आवाज आहे. मी दाखवला होता. पट्टी दाबली तर दोन क्षण त्यांच्या गळ्यातून येईल. एकदाही दाबली नाही. मी का म्हणून विचारलं. त्यांनी मान फिरवली. माझ्यासमोर गायचं नाही त्यांना.

६ जानेवारी

बाहेर आता कुणीच वाजवत नाही. फक्त हे एक बोट.

रिटाबाईंचं बोट सुजलंय. दुसऱ्याने दाबतात. एक शब्द नाही. शब्द नाहीतच. मी रडले. रडायलाही त्यांनी पट्टी लवकर लवकर दाबली.

८ जानेवारी

विपुलचा निरोप. ‘चाळ’ नावाचं नवीन वाद्य येतंय. ‘आजोळ’ आज बंद. सर्व्हर काढला की कुणाकडचंच वाजणार नाही, आमच्याकडचंही. वर लिहिलंय, थँक्स विनया मॅडम फॉर द मेमरीज.

फोन उचलत नाही. मायकल सायकल काढून गेलाय त्याच्याकडे. पाया पडेन म्हणाला. माझ्यासाठी. मी त्याला कधी नीट —

दुपार

रिटाबाई दाबतायत. आत. बाहेर. आत.

स्क्रीनवर काहीतरी चक्र फिरायला लागलंय.

मायकलचा फोन नाही —

रिटाबाईंनी पहिल्यांदा दुसरा हात पुढे केला. काळ्या पट्टीवर. माझ्याकडे बघतायत. तोंड उघडलं — ते गाणं — शब्द नाहीत त्यात, मीच कापले — तरी —

चक्र थांबलं

बोट पट्टीवर आहे. दाबलेलं आहे. त्या पुन्हा दाबतायत पुन्हा दाबतायत पण आत काही