खादाड वाघ

बसवनगुडी, बंगळूर
६ ऑक्टोबर १९९६

ती. वसुमतीअक्कास, देवव्रताचा सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असे लिहिणार होतो. पण तुला माझे खोटे लगेच कळते. कंपनीत आम्ही वाघ-बकरीचा खेळ कॉम्प्युटरवर आणतो आहोत. बकऱ्या खाणारे तीन वाघ कॉम्प्युटर चालवतो, त्यांना कोंडणाऱ्या बकऱ्या माणूस. प्रोग्राम रूपश्री मॅडम लिहितात. मी दिवसभर खेळून प्रत्येक चाल वहीत टिपतो. वाघ आता इतका हुशार झाला आहे, की खेळून पाहायला बोलावलेली मुले एकदा हरतात आणि उठून जातात. म्हणून मी मॅडमना दर पाचवी चाल चुकवायला सांगितली. तर तुमच्या वाघाला चक्कर येते का, असे विचारून मुले हसत निघून गेली.

मालक उमाकांत म्हणाले, पंधरा दिवसांत मुले दुसऱ्या डावाला बसली नाहीत तर खेळ बंद आणि माझी नोकरीही. दहावी नापासाला दुसरीकडे कोण घेणार? लहानपणी तुझ्याशी खेळताना मी पटावरून उठत नसे. असे का, ते आठवून लिही.

माझ्यावर माया आहे तशीच असू दे.
तुझा देवव्रत

धारवाड
१० ऑक्टोबर १९९६

चि. देवव्रतास अनेक आशीर्वाद.

इतक्या सुवाच्य अक्षरात रडणारा तूच! खरे सांगते, रागावू नकोस. मी तुला जिंकू देत होते. उघड चूक केली की तू पट उधळायचास. म्हणून माझे वाघ वेडे नव्हते, खादाड होते. बकरी दिसली की खायचे. पुढे कोंडले जाऊ, हे बघायचेच नाहीत. तू एक बकरी पुढे ढकलून सापळा लावायचास आणि अंगणभर नाचायचास. तेव्हा मॅडमना सांग, वाघाची अक्कल राहू द्या, स्वल्प भूक वाढवा.

तुझे भावोजी विचारतात, कॉम्प्युटर हरला की तुझ्यासारखा रुसतो का? वेळेवर जेव.

आठवण ठेवून लिहीत जा.
अक्का

बंगळूर
२१ ऑक्टोबर १९९६

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझे पत्र वाचून आधी वाईट वाटले. वाघ-बकरीत मला कोणी हरवत नाही, एवढ्याच भरवशावर मी इथे अर्ज केला होता. मग वाटले, तो भरवसा तू दिला नसतास तर अर्ज करायचे धाडसही झाले नसते.

मॅडमनी वाघ खादाड केले. शनिवारी रक्षिता नावाची मुलगी दोन डाव हरली, तरी बसून राहिली. तिसऱ्या डावात तिने एक बकरी मुद्दाम पुढे ठेवली. एका वाघाने ती खाल्ली आणि तो कोपऱ्यात अडकला. मग बाकीचे दोनही तिने कोंडले. ती एवढ्याने ओरडली, की उमाकांत आतून धावत आले. आज त्यांनी मला कायम केले. अक्का, हे तुझे देणे आहे.

दिवाळीला येतो. पट काढून ठेव आणि या वेळी मला सांभाळून घेऊ नकोस. तुझा खरा वाघ मी अजून पाहिलेलाच नाही.

तुझ्या मायेतला,
देवव्रत