जखमेवरची साखर

४ ऑक्टोबर, सकाळी ७
उजव्या पायाच्या अंगठ्याला नवा बूट चावला. जखम शर्टाच्या बटणाएवढी. डॉक्टरने तिचा पर्वत केला. म्हणाला, डायबेटिस आहे, पाय बधिर आहे, तीन आठवड्यांत भरली नाही तर अंगठा जाऊ शकतो. पोरगेला डॉक्टर. नुकतं मिसरूड फुटलंय.
ड्रेसिंग सूनबाई करणार. ती याच डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये नर्स आहे. दिवसाआड ड्यूटी संपवून येईल. उपकार केल्यासारखं तोंड आतापासूनच आहे.
संकल्प: बिस्किटं बंद. आजपासून. म्हणजे उघडा पुडा संपल्यापासून. अन्न टाकवत नाही.

५ ऑक्टोबर
सूनबाईने जखमेवर पांढरी, कापसासारखी पट्टी ठेवली. हे काय, विचारलं. म्हणाली, समुद्री शेवाळाची आहे बाबा, चांगली असते. शेवाळ! माझ्या पायावर! चौतीस वर्षं वजन-मापे खात्यात निरीक्षक होतो. वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय मी कुठल्याच मालाला हात लावलेला नाही. रिकामं पाकीट कचऱ्यातून काढून ठेवलं.

६ ऑक्टोबर, दुपारी
भिंग लावून वाचलं. 'पॉलिसॅकराइड'. औषधाच्या दुकानात गेलो (लंगडत नाही, सावकाश). दुकानदार भलताच खुलला. म्हणाला, ही साखरेचीच लांबलचक साखळी. शेवाळातली जखमेचा स्राव शोषते, कोळंबीच्या कवचापासून केलेली वाहतं रक्त थांबवते, समुद्र म्हणजे औषधांचं कोठार आहे काका. मी पुढचं ऐकलं नाही.
साखर! शुगरच्या पेशंटच्या जखमेवर साखर! लोक जखमेवर मीठ चोळतात, आमच्या सूनबाईने त्याच्या पुढची पायरी गाठली. कुठेतरी पाणी मुरतंय.

७ ऑक्टोबर
तोंडावर विचारलं. सूनबाई म्हणाली, ही गोड साखर नाही, रक्तात जात नाही, कापूससुद्धा अशाच साखळीचा असतो, मग तुमच्या सदऱ्यालाही साखर म्हणा. उद्धट. पट्टी उघडली तर आत पिवळट, बुळबुळीत. पाक! साखर विरघळून झालेला सरळसरळ पाक. ती म्हणते जेल. म्हणे स्राव शोषल्यावर असंच व्हायला हवं, त्याने जखम ओलसर राहते, उघडू नका.
ती गेल्यावर सगळं नळाखाली धुऊन टाकलं. स्वच्छ रुमाल बांधला, वर मोजा. अजिबात दुखत नाही. म्हणजे भरतेय. यापुढे हाच क्रम: ती आली की पट्टी, ती गेली की रुमाल. ती यायच्या आधी तिची पट्टी परत वर ठेवायची.

११ ऑक्टोबर
शुगर २८७. कारण उघड आहे, पट्टी. दोनच तास पायावर असते, पण साखरेला शिरायला किती वेळ लागतो? बिस्किटं चारच खाल्ली, तीही क्रीम खरवडून. क्रीम वेगळं खाल्लं.
चिरंजीवांनी फोनवर विचारलं, बाबा, तुम्ही खाताय काय? म्हटलं, तुझी बायको बांधतेय काय ते आधी विचार. म्हणाला, ती सांगते तसं करा. ताटाखालचं मांजर.
क्लिनिककडे तक्रार करायची. मसुदा तयार, मुद्दे अकरा. सूनबाईचं नाव पहिल्याच मुद्द्यात.

१३ ऑक्टोबर
सूनबाई म्हणाली, वास येतोय. म्हटलं, समुद्राचा असेल. तिने विचारलं, मधे उघडता का? मी म्हटलं, चौतीस वर्षांत पंचनाम्याशिवाय एक सील तोडलं नाही. हे खरं आहे. तिने विचारलं होतं वेगळं, हा तिचा प्रश्न.
मग म्हणाली, बाबा, अंगठा जाईल हो. डोळे भरून आले होते. नाटक चांगलं जमतं तिला.

१५ ऑक्टोबर
आज पुरावा. सूनबाईने ठेवलेल्या नव्या पाकिटातली कोरी पट्टी ओली करून माझ्या खोलीत भिंतीशी ठेवली, मुंग्यांच्या वाटेवर. मुंगीला लाच देता येत नाही.
१०.१५ नमुना ठेवला.
१०.४० पहिली मुंगी आली. हुंगलं. मागे फिरली. मुंगी अननुभवी असावी.
११.०० रांग लागली. पट्टीला वळसा घालून पुढे.
११.२० रांग कपाटावर.
इथपर्यंत लिहिलं आणि सूनबाई आली. आज लवकर का आली, तीच जाणे. सरळ रांगेमागे गेली. कपाटावर निवृत्तीच्या वेळी मिळालेली पितळी वजनांची पेटी आहे. तिने झाकण उघडलं. दोन किलोच्या खाचेत वजन नव्हतं. क्रीमच्या बिस्किटांचे तीन पुडे होते. मी म्हटलं, ते नमुने आहेत.
तिने मला खाली बसवलं, मोजा काढला, रुमाल सोडला. मोज्यात बिस्किटांचा चुरा होता. मुंग्या तिथेही होत्या. जखमेवर. कधीपासून, कोण जाणे.
मला काहीच जाणवलं नव्हतं.
हे लिहायला नको होतं.

१६ ऑक्टोबर, हॉस्पिटल
मिसरूडवाला म्हणाला, हाडापर्यंत गेलंय. पट्टी जागेवर राहिली असती आणि शुगर आटोक्यात असती तर अंगठा बहुतेक वाचला असता. माझ्याकडे बघत नव्हता, सूनबाईकडे बघत होता, जणू चूक तिची. ती काहीच बोलली नाही. मीही नाही. इथे मी बोलायला हवं होतं.
ऑपरेशन उद्या सकाळी. मी घाबरलेलो नाही. अक्षर हलतंय ते गादीमुळे.

२१ ऑक्टोबर
उजव्या पायाला चार बोटं. दोनदा मोजली. कमी मापासाठी मी लोकांची दुकानं सील केली आहेत.
आज सूनबाईने ड्रेसिंग केलं. तीच पांढरी पट्टी. मी हललो नाही. दुखतंय का, विचारलं. नाही म्हटलं. दुखलं असतं तर फार बरं झालं असतं.
घरी सोडण्याआधी फॉर्म भरायचा होता. एक रकाना: जखम चिघळण्याचं कारण. मी 'मुंग्या' लिहिलं. सूनबाईने वाचलं, माझ्याच पेनने खोडलं आणि वर 'साखर' लिहिलं.
साखर! तिच्या स्वतःच्या अक्षरात! पंधरा दिवस मी दुसरं काय सांगत होतो? शेवटी कबूल करावंच लागलं. जिंकलो.
हे तिला ऐकवायला मान वर केली, तर ती खाली वाकून माझ्या पायात मोजा चढवत होती. अंगठ्याच्या जागी मोजा रिकामा लोंबत होता. तो तिने हळूच आत दुमडला.
मग नाही ऐकवलं.