साडूच्या पायांचा बंदोबस्त

४ जानेवारी, सकाळी

आजपासून सूड. बावीस फेब्रुवारीला आमच्या बॉक्सिंग क्लबची चाळिशीपुढच्यांची फायनल. समोर साडूच असणार, कारण क्लबात चाळिशीपुढचे आम्ही दोघंच आहोत.

गेल्या वर्षी मी त्याच्या ठोशाने पडलो नव्हतो. माझाच डावा पाय उजव्यात अडकला आणि मी खाली बसलो. व्हिडिओत त्याची मूठ माझ्या नाकापासून चांगली हातभर लांब दिसते. तो व्हिडिओ सासूबाईंनी फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली रडेपर्यंत हसणारी तोंडं. साडूने हात देऊन मला उठवलं आणि वर गोड हसला. ते हसू मी वर्षभर विसरलेलो नाही. माझी मुलगी तेव्हापासून "काका भारी आहेत" म्हणते. बाप मी आहे.

निदान: हातात दम आहे, पायांत स्पीड नाही. उपाय: स्पीड.

५ जानेवारी

सिमेंटच्या रस्त्यावर पळलो. मग गच्चीवर दोरीच्या उड्या. खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, म्हणाल्या, आमच्या छताचा गिलावा पडतोय. म्हणजे पायांत ताकद आहे.

९ जानेवारी

नडग्या दुखतात. आतल्या बाजूने, वरून खालपर्यंत, कुणी किसणी फिरवल्यासारखं. चांगलं लक्षण आहे. स्पीड आत शिरतोय, जागा करून घेतोय.

१२ जानेवारी, दुपारी

दुकानात गिऱ्हाईक नसताना काउंटरमागे फुटवर्क केलं. पुढे, मागे, डावीकडे, मागे. चष्म्याचा नंबर काढायला आलेले एक आजोबा बराच वेळ बघत उभे होते. मग हळूच म्हणाले, आधी जाऊन या, मी थांबतो.

१५ जानेवारी

क्लबात कोचने माझ्या नडगीवर अंगठा दाबला. मी ओरडलो नाही. बाहेर थांबलेली बायको म्हणते, रस्त्यापर्यंत ऐकू आलं.

कोच म्हणाला, पळणं दोन आठवडे बंद. बर्फ लावायचा. हे बूट फेकून द्यायचे. नंतर सिमेंटवर नाही, मातीवर पळायचं. टाचा उचलून पोटऱ्यांचा व्यायाम. खडूने चौकोन आखून त्यांत छोटी छोटी, झटपट पावलं टाकायची, उड्या मारायच्या नाहीत. स्पीड विश्रांतीतून येतो म्हणे!

विश्रांतीतून स्पीड येत असता तर आमच्या दुकानाचे मालक विमानाच्या पुढे गेले असते.

परत निघताना पाहिलं. कोच आणि साडू एकाच बाकावर बसून चहा पीत होते. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला दोन आठवडे घरी बसवायचा कट आहे.

१६ जानेवारी

आजचा दिवस सोन्याचा. साडूचा फोन आला. तो लिफ्ट दुरुस्त करतो, म्हणजे लिफ्ट बंद असेल तिथेच त्याला जावं लागतं आणि सगळे जिने चढावे लागतात. म्हणाला, साडूभाऊ, पाय जड झालेत हो, तुम्ही काय करता?

 मी कोचचं विष जसंच्या तसं त्याच्या कानात ओतलं. विश्रांती, बर्फ, माती, टाचा, खडूचे चौकोन, काहीसुद्धा सोडलं नाही. वर सांगितलं की हे माझं स्वतःचं गुपित आहे, कुठे बोलू नका.  तो म्हणाला, असं कोण सांगतं हो आजकाल.

फोन ठेवून बाथरूममध्ये जाऊन पोटभर हसलो. बसा आता बर्फ लावून.

२४ जानेवारी

मेव्हणी बायकोला म्हणाली, हे हल्ली पाय वर करून पडलेले असतात. खरोखरच पडलाय! मी पळणं दुप्पट केलं.

जिना उतरताना तोंड भिंतीकडे करून, उलटा उतरतो. तसं कमी दुखतं. बायकोने विचारलं हे काय. सांगितलं, रिव्हर्स फुटवर्क. तिची बघण्याची तऱ्हा मला आवडली नाही.

२ फेब्रुवारी

साडू क्लबच्या मागे खडूच्या चौकोनांत टुकूटुकू पावलं टाकतोय. एवढा बाप्या, आणि शाळेच्या मधल्या सुट्टीतल्या पोरीसारखा. मला हसू दाबता दाबता ठसका लागला. कोच बघत होता आणि मान डोलवत होता. त्याचा डाव त्याच्याच माणसावर उलटलाय आणि त्याला पत्ता नाही.

मी घोट्यांना वाळू भरलेले मोजे बांधायला सुरुवात केली. मोजे मुलीचे आहेत. तिने आईकडे तक्रार केली. घरात खेळाडूची कदर नाही.

९ फेब्रुवारी

मुलीकडून माझा व्हिडिओ काढून घेतला. त्यात मी अत्यंत सावकाश हलताना दिसतो. फोन जुना झालाय. नवा घ्यायला हवा.

१६ फेब्रुवारी

आता बसल्यावरही दुखतं. बायको म्हणाली, डॉक्टरकडे चला. म्हटलं, तेवीस तारखेला जाऊ, साडूलाही न्यावं लागेल, दोघांचं एकदमच होईल. ती म्हणाली, भाऊजींनी तुमचं काय वाकडं केलंय? तिला ते हसू आठवत नाही. मला आठवतं. त्याला जमिनीवर बसलेला बघायचाय आणि वरून हात द्यायचाय. बास, एवढंच मागणं आहे.

साडूने नवे बूट घेतले. विचारत होता, आपलं गुपित क्लबातल्या बाकीच्यांना सांगू का? म्हटलं, फायनल होऊ द्या. तुमच्या पायांकडे बघून सगळ्यांना आपोआप कळेल.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी

थोडक्यात लिहितो.

घंटा झाली. मी झेप घेतली. म्हणजे घेणार होतो. उजव्या नडगीत कळ अशी गेली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. साडू समोर होता, मग नव्हता. डावीकडे वळलो तर उजवीकडून त्याच्या बुटांचा आवाज. उजवीकडे वळलो तर तो मागे. त्याने एकही ठोसा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं. माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला, साडूभाऊ, बरं वाटत नाहीये का? आणि मी बसलो. यंदा पाय अडकलासुद्धा नव्हता. पंचांनी सामना थांबवला.

मग त्याने माइक घेतला. म्हणाला, हे पाय माझे नाहीत, साडूभाऊंचे आहेत. मला फायनलमध्ये भेटणार हे ठाऊक असून त्यांनी आपलं गुपित मला दिलं. सगळा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता. मी खुर्चीत बसून हात जोडले, कारण उभं राहता येत नव्हतं. लोकांना तो विनय वाटला.

सासूबाईंनी व्हिडिओ टाकलाय. यंदा नमस्काराचे हात आहेत. हसणारी तोंडं परवडली.

२४ फेब्रुवारी

नडगीच्या हाडाला बारीक तडा. डॉक्टर म्हणाले, हे कधीचं आहे? विश्रांती, बर्फ, मऊ जमीन, चांगले बूट, कोणी काही सांगितलं नव्हतं का? बायको तिथेच उभी होती. म्हटलं, उडत उडत ऐकलं होतं.

कोच घरी येऊन गेला. म्हणाला, साडूला एकही शब्द न चुकता सांगितलंस, मग स्वतः का नाही केलंस? म्हटलं, वेळ मिळाला नाही.

२६ फेब्रुवारी

साडू आला. माझ्या पायाखाली उशी नीट केली, खुर्ची ओढून जवळ बसला. म्हणाला, आता ठोशाची ताकद वाढवायचीय, सांगा काय करू. तुम्ही म्हणाल ते डोळे मिटून करीन.

शिकार आपल्या पायांनी चालत आली होती. माझा जीव हरखला. याचे खांदे निखळतील, मनगटं सुजतील, वर्षभर चमचा उचलता येणार नाही असा एखादा जालीम सल्ला हवा होता. दोन सुचले. पण त्यांतला वाईट कोणता आणि चांगला कोणता, काही केल्या ठरवता येईना. मी वाईट म्हणून द्यायचो आणि हा पुन्हा माइक घ्यायचा.

 तो तसाच वाट बघत बसला होता. शेवटी म्हटलं, कोचला विचारा.

त्याचा चेहरा जरासा पडला. बदला म्हणून तेवढाच मिळाला.