बाजरी सरेपर्यंत

मिरजगाव,
मंगळवार (पुढच्या मंगळवारी भोगी)

ती. स्व. अजिनाथदादास,

धाकट्या मुक्ताचा वाकून नमस्कार. वि. वि. (आबांच्या पत्रांत ही दोन अक्षरं दिसली की लहानपणी मला वाटायचं, ते दमले की असं लिहितात. 'विनंती विशेष' हे फार उशिरा कळलं.) या पत्रात विशेष आधी आहे आणि विनंती शेवटी, तेव्हा मधेच चहाला उठू नकोस.

तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, ते एकदा ठरवून डॉक्टरांना सांग. दर वेळी वेगळं सांगतोस असं सवितावहिनी म्हणत होत्या. आमच्याकडे सगळे बरे आहेत. सासूबाईंची तब्येत तर इतकी उत्तम आहे की तिच्यामुळे बाकीच्यांची बिघडते. फोन का केला नाहीस, असं म्हणशील. फोनवर तू "हं, बोल" म्हणतोस आणि तेवढ्यानंच मला काय बोलायचं होतं ते आठवेनासं होतं. व्हॉट्सॲपवर लिहावं तर तू अंगठा पाठवतोस. माझी दाढ काढली तेव्हाही अंगठाच पाठवला होतास. शिवाय रविवारी जे झालं त्याचा कुणीतरी व्हिडिओ काढला आहे. तो फिरत फिरत राहुरीला पोचण्याआधी तुला माझ्याकडून कळलेलं बरं.

झालं असं, की इथल्या हर्षलनं लोकसंगीताचा महोत्सव भरवला. हर्षल म्हणजे आमच्या गल्लीतला, पुण्यात नोकरी करून परत आलेला मुलगा. चांगला आहे, फक्त सगळ्या गोष्टींना नाव देतो. या महोत्सवाचं नाव 'विनावीज'. वीज लागेल असं एकही वाद्य नाही, माईक नाही, स्पीकर नाही. (आमच्या शिवारात दिवसा लाइटच नसते, त्यामुळे आम्ही बरीच वर्षं हा महोत्सव करत आहोत हे आम्हाला माहीत नव्हतं.) भजनी मंडळ तर रुसूनच बसलं. भोंगा नाही म्हणजे आपल्याला बिनमानाचं बोलावलं, असं त्यांचं म्हणणं. शेवटी हर्षलनं त्यांना पहिल्यांदा गायला बसवलं तेव्हा कुठे टाळ बाहेर निघाले. संबळवाले आले होते, तुणतुण्यावर वाघ्या-मुरळी झाली आणि पुण्याहून गिटार घेऊन करण नावाचा एक मुलगा आला होता. त्याच्या आधी, पाव तास, आम्ही: 'जात्यावरच्या ओव्या, सादरकर्त्या झुंबरबाई आणि मुक्ता'. सासूबाईंचं नाव मोठ्या अक्षरात होतं, म्हणून त्या तयार झाल्या. मला कुणी विचारलं नव्हतं.

ओव्या म्हणायच्या तर जातं हवं. गावभर फिरले तेव्हा कळलं की जाती सगळ्यांकडे आहेत, पण कामावर गेलेली आहेत. एकाच्या दारात पायरी आहे, एकाच्या न्हाणीत कपडे धुवायचा दगड आहे. शेवटी गोजरबाईंचं मिळालं. त्यावर त्यांचा पाण्याचा रांजण होता. रांजण उतरवताना फुटला आणि त्या म्हणाल्या, "जाऊ द्या, गळतच हुता." (पण नवा रांजण आणून देईपर्यंत त्या आमच्या ओट्यावरून हलल्या नाहीत.) तेव्हा मला आपल्या आईचं जातं आठवलं. तुझ्या बंगल्याच्या फाटकाशी आहे ते, सोनेरी रंग दिलेलं, वर मनीप्लांटची कुंडी. छानच दिसतं. मी काही म्हणत नाही.

रविवारी आंब्याच्या बागेत बाजेएवढ्या स्टेजवर जातं मांडलं. समोर पाहावं तिकडे माणसं. हर्षल म्हणाला, "आजी, दाणे नकोत, पीठ उडेल. नुसतं फिरवायची ॲक्टिंग करा." सासूबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं त्यानं त्यांना नुसतं जेवायची ॲक्टिंग करा म्हटलं.

"रिकामं जातं फिरवत्यात व्हय? घरात भांडनं हुत्यात. आन् तुजं लगीन व्हायचंय अजून."

त्यांनी लुगड्याआडून पिशवी काढली. मला वाटलं मूठभर बाजरी असेल. पिशवीत भोगीचं सगळं दळण होतं, चार घरांचं. त्यांचा हिशोब सरळ होता: इतकी माणसं लावून जातं आणायचं, दोन बायका बसवायच्या आणि घरी जाताना पीठ न्यायचं नाही, असं कुठं असतं? महोत्सव वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हतंच. त्या दळायला आल्या होत्या. लोक बघत होते, ती लोकांची हौस.

त्यांनी पहिली मूठ वैरली आणि सूर लावला.

घातला पहिला घास, दगडा तुझ्या मुखी
लेकीबाळी साऱ्या, ठेव बापा सुखी

दादा, त्या आवाजाला माईक लागतच नाही. मागच्या रांगेतली मुलं मोबाईल खाली ठेवून पाहायला लागली. हर्षलच्या डोळ्यांत पाणी आलं. पण पाव तास झाला तेव्हा ते वाळलं, कारण पिशवी अजून तशीच होती. एक गोष्ट आम्ही कुणीच लक्षात घेतली नव्हती: गोजरबाईंच्या जात्याला कित्येक वर्षांत टाकी लावून खाचा पाडलेल्या नव्हत्या. दगड झिजून आरशासारखा गुळगुळीत. दाणा आत जायचा, फिरून यायचा, आणि बाहेर पडताना फक्त थोडा विचारात पडलेला असायचा. आणि दाणे जात्यात ठेवून उठायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. दळण अर्धं सोडलं की घरचं काही ना काही अर्धं राहतं म्हणे. हर्षलनं आधी बोटानं खूण केली, मग मनगटावरचं घड्याळ दाखवलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि लगेच ओवीत घेतलं.

कोण उभा दारी, हाती दावितो घड्याळ
दाणं सरल्याबिगर, उठंना ही नाठाळ

टाळ्या पडल्या. घड्याळ खिशात गेलं.

खरी अडचण माझी होती. खुंट्याला हात लावला की गप्प बसायचं नाही, आळीपाळीनं म्हणायचं. मुकं दळण अपशकुनी. आईकडून आलेल्या ओव्या मला किती येतात, हे मला त्या दिवशी मोजून कळलं. आबांची झाली, आईची झाली, विहिरीवरची झाली, आणि त्यानंतर डोकं त्या दगडासारखं गुळगुळीत. सासूबाईंनी जात्याआडून पाय मारला. "भावाचं म्हन की! हाय ना येक?"

आहेस. तर मी म्हटलं:

राहुरीच्या वाटं, धुरळा कशाचा
अजिनाथ बंधू माझा, आला ग हौशेचा

समोर बसलेल्या बायकांनी एकदम "गं बाई" करून ओवी ओढून घेतली. त्या ओढण्यात काय असतं कोण जाणे. आई गेल्यापासून तू एकदाही मिरजगावला आलेला नाहीस. राखीला मीच येते, भाऊबीजेला मीच येते, त्यात मला कधी काही वाटलं नाही असं मी समजत होते. पण बायका तुझं नाव घोळवून म्हणत होत्या आणि पुढची ओळ माझ्यावर येऊन थांबली होती. कागदावर लिहिताना ओळ खोडता येते. जात्यावर खुंटा फिरत राहतो, त्याच्याबरोबर तोंड उघडावंच लागतं. तोंड उघडलं आणि हे आलं:

अजिनाथ बंधू माझा, भोगीला येईल
आईचं ग जातं, मला आंदण देईल

मी ठरवून म्हटलं नाही, एवढं खरं मान. येईलला जुळणारं दुसरं काही त्या घाईत सुचलं नाही.

नंतर फार वेळ मला गावंच लागलं नाही. करणची पाळी निघून चालली होती, तो बिचारा गिटार ठेवून स्टेजवर आला आणि म्हणाला, "आजी, मी फिरवतो, लवकर होईल." जिममध्ये जात असावा. त्यानं असं काही फिरवलं की बाजरी चारी बाजूंनी उडायला लागली.

"हळू रं पोरा! पीठ पायजे, भरडा न्हाई. म्हस इकली आमी, भरडा कुनाला घालू? आन् गप का? भैनीचं नाव घे."

त्यानं खरोखर घेतलं. तिचं नाव पूजा, आणि ती त्याच्याशी बोलत नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळलं. मग त्यानं तिथंच जात्याशेजारी बसून गिटार वाजवली, सासूबाईंनी उरलेली बाजरी दळली, आणि दोघांचा कार्यक्रम एकदमच संपला. हर्षल आता सगळ्यांना सांगतो की तसंच ठरलं होतं.

एवढंच. काल दुकानात साखर घ्यायला गेले तर दुकानदारीण म्हणाली, "भाऊ कवा यायचाय?" गिरणीत विचारलं, एसटी स्टँडवर विचारलं. गोजरबाई तर कालपासून दोनदा येऊन आमच्या ओट्यावर जागा मोजून गेल्या, जातं कुठं मांडायचं म्हणून. मी "बघू" म्हटलं तर सासूबाई म्हणाल्या, "जात्यावर बसून बोललीस तू. आता बघू कसलं?" त्यांचा या बाबतीत फार विश्वास आहे. माझा नव्हता. आता सांगता येत नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. पत्रात जास्त-कमी लिहिलं गेलं असेल तर धाकटी म्हणून सोडून दे. तुझी सवय आहे.

तुझी,
मुक्ता

ता. क. विनंती अर्थात तुझ्या लक्षात आलीच असेल. मनीप्लांट बादलीतही चांगला वाढतो, असं वहिनी स्वतःच म्हणाल्या. मी फोन केला नव्हता. त्यांचाच आला होता. (व्हिडिओ त्यांनी पाहिला आहे. तुला दाखवलेला नाही.) नगरवरून (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण हात अजून नगरच लिहितो) आमच्यापर्यंतचा रस्ता मोठा झाला आहे, त्यामुळे ते जुनं कारण आता चालणार नाही. दुसरं काही असेल तर आधी कळव, म्हणजे मी गोजरबाईंना सांगायला शिकून ठेवीन.

ता. क. २. सोनेरी रंग फक्त वरून दिला आहेस ना? आतून नाही ना? भाकरीत येईल.

ता. क. ३. काल हे पत्र पाकिटात घालून पुन्हा काढलं. जातं फार जड आहे, दादा. दोन माणसं लागतात, आणि तुझा गुडघा तसा. झेपणार नसेल तर राहू दे, फाटकाशी छानच दिसतं. सासूबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "जातं न्हाई आलं तर अर्धी ववी खोटी हुईल. भाऊ न्हाई आला तर सगळीच." त्या दिवशीचं आपल्या वाटणीचं पीठ मी डब्यात वेगळं ठेवलं आहे. थोडी कचकच आहे त्यात, पण आपल्या हातचं आहे. ते पोस्टानं पाठवण्यासारखं नाही. बाजरीचं पीठ फार दिवस टिकत नाही, कडू होतं. भोगीपर्यंत मात्र चांगलं राहील.